लाक्षागृहातील भुयार आणि दिवाळीचे घर

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत घरोघरी अग्निनारायणाचे सौम्य रूप नांदत असते. उंबरठ्यावर पणत्या, तुळशीपाशी दिवा, गॅलरीत आकाशकंदील, चुलीवर चकल्यांची कढई, आणि घर माणसांनी भरलेले. अशा मंगल दिवसांत आगीचा विषय काढणे काही वाचकांना अशुभ वाटेल. आम्हास तसे वाटत नाही. कारण आगीतून बाहेर कसे पडावे, याचा पाठ भगवान व्यासांनीच आदिपर्वात घालून दिला आहे.

वारणावताचे आख्यान कीर्तनात रंगते ते दुर्योधनाच्या कपटामुळे. शण, राळ, तूप, तेल व लाख यांनी सिद्ध केलेले घर, आणि नुसत्या वासावरून धर्मराजाने ओळखलेले संकट! परंतु आमच्या मते गाभा पुढेच आहे. विदुराने पाठविलेला खनक येऊन सांगतो की, कृष्ण चतुर्दशीच्या रात्री पुरोचन घराच्या दाराशी आग लावणार आहे. म्हणजे नित्याची वाटच प्रथम बंद होणार. म्हणून त्याने घरातच भुयार खणले आणि त्याचे तोंड जमिनीशी सपाट अशा फळ्यांनी झाकले. पांडव मृगयेच्या निमित्ताने रोज रानात हिंडून वाटा पायाखाली घालीत होते. असे एक वर्ष गेले. प्रत्यक्ष निघण्याची वेळ आली तेव्हा कुंतीमातेला खांद्यावर घेण्यास भीम सिद्ध होता.

आता आपल्या घराकडे पाहू. पुढचे दार पेटले तर दुसरी वाट कोणती? वाड्यात परसदार असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली कोणत्या डब्यात आहे हे एकट्या आजीला ठाऊक! सदनिकांत खिडक्यांना चोरांच्या भयाने लोखंडी जाळ्या बसविलेल्या. त्या जाळीला उघडणारे दार हवे, आणि त्याची किल्ली जवळच खुंटीला हवी. जिन्यातील जुने कपाट व रद्दी दिवाळीच्या साफसफाईतच काढावी. आगीच्या वेळी लिफ्टने उतरू नये.

ज्वाळेआधी माणसाला धूर गाठतो. धूर वर चढतो, जमिनीलगत श्वास घेण्याजोगी हवा राहते. म्हणून ओणवे होऊन, रांगत निघावे. बंद दाराला तळहाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करावा. ते तापलेले असेल तर उघडू नये. वरच्या मजल्यावर कोंडले गेल्यास मधले दार लावून फटीत ओले कापड कोंबावे व खिडकीशी उभे राहून हाक द्यावी. हे वाचून कळते, अंगी मात्र बाणत नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी सर्वांनी एकदा दिवे मालवून, अंधारात चाचपडत बाहेर पडून पाहावे. मुलांना त्यात खेळाचा आनंद मिळेल. वृद्धांना हात कोणी द्यायचा, तान्ह्याला कोणी उचलायचे, हे तेव्हाच ठरवावे. दुसरा सराव एप्रिलात करावा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटात कर्तव्य बजावताना अग्निशामक जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

आख्यानातील एक प्रसंग निरूपणात बहुधा घाईने उरकला जातो. त्या रात्री कुंतीने अन्नदान केले होते. जेवून तेथेच निद्रिस्त झालेली एक निषादी व तिचे पाच पुत्र त्या आगीत दग्ध झाले. पांडवांच्या बाजूने कितीही युक्तिवाद केला, तरी भुयार पावलांवर असून त्या सहा जीवांना ते ठाऊक नव्हते, ही गोष्ट आमच्या मनाला आजही डाचते. दिवाळीस लेकी-जावई, भाचरे आपल्या छताखाली निजतात. त्यांना आपल्या घरच्या वाटा कोठून ठाऊक असणार? अभ्यंगाची वेळ सांगतो, त्याच वेळी परसदार आणि किल्लीची खुंटीही दाखवावी. अतिथिधर्मात हेही येते, असे आम्ही मानतो.

बाहेर आल्यावर कोठे जमायचे, ती जागा आधी ठरलेली असावी: समोरचा पार, देवळाचा ओटा, सोसायटीचे फाटक. तेथे पाहुण्यांसह डोकी मोजावीत आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कोणी मागे राहिले असेल तर ते जवानांना सांगावे, स्वतः आत शिरू नये. दागिन्यांसाठी नाही, देव्हाऱ्यातील बाळकृष्णासाठीही नाही. दग्ध मूर्तीच्या जागी नव्या मूर्तीची प्रतिष्ठा करण्यास शास्त्राची आडकाठी नाही.