रणाघात : संज्ञा आणि निदान

रणांगणावरून अक्षत शरीराने परतलेला सैनिक मनाने मात्र खचून जातो, हा अनुभव नवा नाही. परंतु या अवस्थेला शास्त्राने कोणते नाव दिले, त्यावरून त्याला रुग्ण समजावयाचे की भेकड, हे ठरत आले आहे. प्रस्तुत टिपणात या नामकरणाचा संक्षिप्त परामर्श घ्यावयाचा आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांना जडलेली छातीची धडधड, धाप व थकवा यांचा अभ्यास जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध केला. विकाराचे मूळ त्यांनी हृदयाच्या कार्यात शोधले. पुढे १९१५ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्मृती, दृष्टी, गंध व रुची यांवर परिणाम झालेल्या तीन सैनिकांची हकीकत दिली आणि 'शेल शॉक' ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. या संज्ञेतच एक उपपत्ती गृहीत होती : तोफगोळ्याच्या स्फोटाने विकार उद्भवतो. परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्यांत तीच लक्षणे आढळू लागली.

तरीही लष्कराने याच उपपत्तीवर वर्गीकरण उभारले. शत्रूच्या स्फोटाशी विकाराचा संबंध दिसला, तर सैनिक 'जखमी' ठरे. जखमेची सन्मानपट्टी व निवृत्तिवेतन यांचा मार्ग त्याला मोकळा होई. एरवी तो केवळ 'आजारी' ! यातना एकच, पण प्रतिष्ठा भिन्न. १९१७ मध्ये आघाडीवर ही संज्ञा वापरण्यास मनाई झाली, आणि १९२२ च्या ब्रिटिश चौकशी समितीने ती त्याज्य ठरविली. दरम्यान पलायन, भेकडपणा इत्यादी आरोपांखाली ब्रिटिश व साम्राज्यातील तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्यांना मरणोत्तर क्षमा मिळाली ती २००६ मध्ये.

व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० मध्ये, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 'आघातोत्तर ताणविकृती' ही संज्ञा आपल्या वर्गीकरणात समाविष्ट केली. भीषण प्रसंगाचे पुनःपुन्हा होणारे स्मरण, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे आणि अखंड सावधता ही तिची प्रमुख लक्षणे होत. विकाराचे कारण व्यक्तीच्या स्वभावदोषात न शोधता बाह्य प्रसंगात शोधले गेले, हे या व्याख्येचे महत्त्व. निद्रानाश, विषण्णता व मद्यासक्ती हे विकार तिच्यासोबत वारंवार आढळतात. हृदयरोगाशीही तिचा संबंध दिसून आला आहे. म्हणजे दा कोस्टा यांनी ज्या अवयवाकडे बोट दाखविले होते, त्याच्याकडे अभ्यासक निराळ्या वाटेने परतले आहेत.

निदान हे केवळ वर्णन नव्हे, तो एक निवाडाही असतो. म्हणूनच कोणत्याही विकाराची व्याख्या अभ्यासताना, तिच्या कक्षेबाहेर कोण राहिले, हा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.