आधी पाणी सांगा, मग औषध विचारा

दिवस उजाडला की माझ्या मोबाइलवर माशांचे फोटो येऊ लागतात. कुणाचा गोल्डफिश तळाशी आडवा पडलेला, कुणाच्या एंजलच्या परांच्या कडा झिजलेल्या, कुणाची मॉली जागच्या जागी हेलकावे खाणारी. खाली एकच ओळ असते : "ताई, कुठलं औषध घालू?" प्राणिशास्त्रात पदवी घेतल्यावर मी डोंबिवली-ठाणे पट्ट्यात माशांच्या टाक्या सांभाळायचं काम धरलं. घरं, दवाखाने, हॉटेलं, एकदोन शाळा. या प्रश्नावर माझे उलट प्रश्न ठरलेले असतात. टाकी किती लिटरची? पाणी शेवटचं कधी बदललं आणि किती? फिल्टर कधी धुतला, कशानं धुतला? गेल्या महिनाभरात नवा मासा आणला का? एवढं कळलं की बऱ्याच वेळा फोटो नीट पाहायचीही गरज उरत नाही.

माझ्या पाहण्यात घरगुती टाकीतले सगळ्यात जास्त मासे मरतात ते स्वच्छतेच्या हौसेपायी. रविवारी सगळे मिळून टाकी रिकामी करतात. खडी नळाखाली घासतात, फिल्टरचा स्पंज पांढरा होईपर्यंत पिळतात आणि सगळंच्या सगळं पाणी नवं भरतात. टाकी लखलखते. दोन-तीन दिवसांत मासे पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून धापा टाकू लागतात. घडलेलं असतं ते असं : माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया सतत पाण्यात मिसळत असतो. स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिली दोन विषारी आहेत. नायट्रेट त्या मानानं सौम्य, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की आटोक्यात राहतं. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनखाली ते मेले की टाकी पहिल्या दिवसावर जाते, मासे मात्र तेवढेच असतात.

अमोनियाचं आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला, तर त्यातला विषारी भाग जवळजवळ दहा पटींनी वाढतो. म्हणून तेवढ्याच घाणीत एकाचे मासे तगतात आणि चढ्या पीएचचं बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्या शेजाऱ्याचे मरतात. नायट्राइटची तऱ्हा वेगळी. ते रक्तात शिरलं की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही, कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि हवेचा पंप जोरात चालू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी निळं-हिरवं औषध ओतणं म्हणजे धापा टाकणाऱ्या जिवावर आणखी एक रसायन लादणं. थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट मिळतं. घरात औषधाची एकही बाटली नसली तरी चालेल, ते किट असू द्या. आकडा चढलेला दिसला तर तिसरा हिस्सा पाणी लगेच बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बदला, खाणं थांबवा. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा दाबायचा, बस. नवं पाणी अँटी-क्लोरीनचे थेंब घालून किंवा दिवसभर उघड्या बादलीत पंप लावून ठेवून मगच घालायचं. पावसाळ्यात नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येतो, तेव्हा तर थेंब विसरू नयेत.

आजार ओळखायचा तो अंगावर डाग दिसायच्या आधी. खाणं टाकण्यापूर्वी पाच मिनिटं टाकीसमोर नुसतं बसा. रोज पुढे धावत येणारा मासा आज मागे राहिला का? पर अंगाला चिकटवून धरलेत का? एकच कल्ला हलतोय का, झाकणं जोरात उघडमीट करताहेत का? मासा मध्येच तिरका होऊन खडीवर अंग घासतो का? विष्ठा पांढरी, लांब दोऱ्यासारखी लोंबते का? यातलं काहीही दिसलं की पाणी मोजायला घ्यायचं. त्याच वेळी नैसर्गिक काय तेही ठाऊक हवं. फायटर आणि गुरामी यांना हवेतून श्वास घ्यायचं वेगळं इंद्रिय असतं, ते वर येऊन घोट घेतात तेव्हा ते आजारी नसतात. गरोदर गप्पी-मॉलीचं पोट फुगतं, खवले मात्र सपाटच राहतात. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर पांढरे कण उठतात, ओळीनं, सारखे. एका आजोबांनी अशा धडधाकट नराला आठवडाभर औषधात ठेवलं होतं. फोटो पाहून मी त्यांना म्हटलं, "आजोबा, औषध बंद करा, तुमचा मासा वयात आलाय."

खरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग निराळा दिसतो. अंगावर, परांवर, शेपटीवर कुठेही रव्याचे कण चिकटल्यासारखे ठिपके, रोज वाढत जाणारे, आणि मासा अंग घासतोय. दुकानदार याला 'इक' म्हणतात. इक्थिओफ्थिरियस हा एकपेशीय परजीवी तो घडवतो. त्याचं जीवनचक्र समजून घेतलं तर उपचार का फसतात हे आपोआप कळतं. ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली बसून वाढणारा परजीवी. तिथे त्याला कुठलंही पाण्यातलं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो गळून खाली पडतो, खडीवर कवच करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. ती पिल्लं पाण्यात पोहत सुटतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते या पोहणाऱ्या अवस्थेलाच. चौथ्या दिवशी ठिपके दिसेनासे होतात, लोक आनंदानं औषध बंद करतात. वस्तुतः तेव्हा सगळे परजीवी खाली विभागत असतात, आणि पुढच्या आठवड्यात दुप्पट ठिपके घेऊन मासे कोपऱ्यात उभे राहतात.

म्हणून इकवर उपचार करायचा तो शेवटचा ठिपका गेल्यानंतरही चार-पाच दिवस, एकूण दहा ते चौदा दिवस. पाणी गरम असेल तर हे चक्र आठवडाभरात किंवा त्याहून लवकर पुरं होतं, थंडीत ते कित्येक आठवडे रेंगाळतं. हीटरनं रोज एक-दोन अंशांनी चढवत पाणी ३० अंशांपर्यंत नेलं तर परजीवी लवकर बाहेर पडतो आणि औषधाच्या तावडीत सापडतो. फक्त ऊन पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो : २० अंशांना लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. पंप वाढवल्याशिवाय तापमान चढवू नये, आणि गोल्डफिशला तर इतकी उष्णता मानवत नाही. जोडीला लिटरला २ ते ३ ग्रॅम मीठ, दोन दिवसांत विभागून, आधी मगात विरघळवून. साधं खडेमीठ चालतं. कॉरिडोरस, लोच आणि नाजूक वनस्पती यांना इतकं मीठ सोसत नाही, त्यांच्या टाकीत निम्म्यावर थांबा. औषध देताना फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो. तळाची खडी रोज नळीनं खेचून काढा. कवचातले परजीवी तिथेच असतात.

बाकीचे आजार थोडक्यात. जखमेवर कापसासारखी बुरशी येते, ती मीठ आणि मिथिलीन ब्लूनं आवरते. पण तोंडाभोवती करडा-पांढरा थर दिसला, पाठीवर खोगिरासारखा फिका पट्टा आला आणि मासे भराभर जाऊ लागले, तर ते कॉलम्नॅरिस, म्हणजे जिवाणू. बुरशी समजून पाणी तापवलंत तर ते अधिक भडकतं. सोनेरी-राखी भुकटी अंगावर दिसली तर वेल्व्हेट. ती टॉर्चच्या तिरक्या उजेडात कळते. परांच्या कडा झिजणं सहसा घाणीतून येतं आणि लवकर लक्षात आलं तर निव्वळ पाणी सुधारून भरून निघतं. गोल्डफिश उलटा तरंगत असेल तर दोन-तीन दिवस उपास, मग साल काढलेला उकडलेला मटार. खवले उभे राहून पोट फुगलं असेल तर आतली मूत्रपिंडं निकामी झालेली असतात. तो मासा क्वचितच वाचतो, आणि हे मी घरच्यांना स्पष्ट सांगते.

माणसांच्या औषधांबद्दल मला कळकळीनं बोलायचं आहे. घरातली उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल उघडून टाकीत टाकणारे लोक मी नेहमी पाहते. माशांना आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू ज्या गटातले आहेत, त्यांच्यावर या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. टेट्रासायक्लिन जड पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटून निष्प्रभ होतं. उलट फिल्टरचे उपयोगी जिवाणू मरण्याचा धोका असतो आणि उरलेल्या जंतूंना औषध पचवायची सवय लागते. त्यातून डोस कुणी मोजत नाही. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि हजारानं भागा, लिटर निघतात. दोन फुटी टाकी, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे सुमारे ५७ लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्ष पाणी ४५ च्या आसपास. 'दोन झाकणं घालतो' हा हिशेब त्या माशाचा जीव घेऊ शकतो. तांबं असलेलं औषध असेल तर गोगलगायी आणि कोळंबी आधी दुसरीकडे हलवा, त्यांना ते मारतं.

हे सगळं टाळायचा उपाय एका प्लास्टिकच्या टबात मावतो. आपल्या दुकानांत येणारे बरेच मासे कोलकात्याहून आणि चेन्नईहून येतात. प्राणवायू भरलेल्या पिशवीत, अंधारात, आपल्याच अमोनियात बसून. दुकानाच्या टाकीत दोन दिवस काढून ते पुन्हा पिशवीत शिरतात. अशा थकलेल्या जिवाची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि सोबत आलेले परजीवी नेमके तेव्हाच वाढतात. म्हणून नवा मासा किमान दोन आणि शक्य तर चार आठवडे वेगळ्या टबात. वीस-तीस लिटरचा टब, मुख्य टाकीत आधीच महिनाभर ठेवून 'पिकवलेला' स्पंज फिल्टर, लपायला मातीची फुटकी कुंडी, वर जाळी. या टबाची मासे धरायची जाळी वेगळी, नळी वेगळी. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये. दुकानात ज्या टाकीत एकही मेलेला मासा दिसतो, तिथला दुसरा कितीही टवटवीत वाटला तरी घेऊ नये. नाल्यांतून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे खायला घालणंही सोडा.

जाता जाता घरातल्या हवेबद्दल. एअर पंप खोलीतली हवा खेचून पाण्यात सोडतो. पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यातली पायरेथ्रॉइड वर्गातली द्रव्यं माशांना अतिशय विषारी असतात. फवारणी होईल त्या दिवशी टाकी ओल्या चादरीनं झाका आणि पंपाची नळी हवेशीर गॅलरीत न्या, किंवा शक्य असेल तर त्या खोलीत फवारूच देऊ नका. वीज तासन्तास जाते त्या भागात बॅटरीवर चालणारा पंप घरात हवाच. फिल्टर बराच वेळ बंद राहिला तर त्यातले जिवाणू गुदमरतात, तो स्पंज टाकीच्या पाण्यात दाबून मग चालू करावा.

स्वतःच्या हातांचीही काळजी घ्या. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये अ‍ॅरन्सन या शास्त्रज्ञाला क्षयाच्या जिवाणूचा एक भाऊबंद सापडला, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. तो माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरतो आणि महिनोन्‌महिने न भरणारी गाठ किंवा फोड देतो. कापलेलं बोट टाकीत घालू नये, नळी तोंडानं ओढू नये, आणि तशी गाठ आली तर त्वचारोगतज्ज्ञांना 'माझ्याकडे माशांची टाकी आहे' हे आपणहून सांगावं. त्या एका वाक्यानं निदान लवकर होतं.

कधीकधी मासा वाचत नाही आणि त्याचे हाल पाहवत नाहीत. थोड्या पाण्यात लवंगेचं तेल जोरात हलवून ते माशाच्या भांड्यात हळूहळू मिसळलं की तो आधी झोपतो आणि मग जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसंच ठेवावं. आजारी किंवा नकोसा झालेला मासा नाल्यात, तळ्यात, धरणात मात्र कधीच सोडू नका. शेवाळ खायला म्हणून विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत अडकतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नसतं. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा आहे. नकोसा झालेला मासा दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला. मेलेला असेल तर कुंडीतल्या मातीत खोल पुरा.