क्ष-किरणांची पाटी

क्ष-किरणांच्या चित्रास आपल्याकडे अजूनही ‘फोटो’च म्हणतात. ‘छातीचा फोटो काढला’, ‘डॉक्टरांनीं गुडघ्याचा फोटो सांगितला आहे’, असें आपण सहज बोलून जातों. एके काळीं हा शब्द अक्षरशः खरा होता. आज पुष्कळ दवाखान्यांत तो खरा राहिलेला नाहीं. आणि शब्द जुना राहून वस्तु बदलली म्हणजे जो घोटाळा होतो, त्याविषयीं मी आज बोलणार आहें.

मी पदार्थविज्ञान शिकवितों, तेव्हां या नव्या वस्तूची माहिती मला पुस्तकांतून होतीच. तिचें महत्त्व मात्र कळलें तें आमच्या आत्याबाईंच्या मनगटामुळें. आत्याबाई शिरपूरकडच्या एका खेड्यांत राहतात. कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन वैशाखांत, ओट्यावरून उतरतांना त्यांचा पाय घसरला आणि सारा भार उजव्या मनगटावर आला. आम्ही त्यांना एका दवाखान्यांत नेलें. तेथील तंत्रज्ञानें मनगटाचा फोटो घेतला, कॅसेट उघडून आंतील प्लेट हातानें बाहेर काढली, आणि ती वाचणाऱ्या यंत्रांत घालणार इतक्यांत वीज गेली. त्यानें प्लेट टेबलावर ठेवली व तो जनरेटर सुरू करावयास गेला. खिडकी अर्धवट लोटलेली होती. मिनिटाभरांत वीज आली, प्लेट यंत्रांत गेली, आणि पडद्यावर जें चित्र उमटलें त्यांत हाडांवर कोणी बारीक रेती पसरावी तसें दिसत होतें. “डोस कमी पडला,” असें म्हणून त्यानें किरणांचें प्रमाण वाढवून दुसरा फोटो घेतला. तो स्वच्छ आला. बाहेर येतांना आत्याबाई मला म्हणाल्या, “अरे बाबा, हाड एकदांच मोडलें, मग फोटो दोनदां कां?”

प्रश्न रास्त होता. त्याचें उत्तर द्यावयाचें तर थोडें मागें गेलें पाहिजे.

१८९५ सालच्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस जर्मनींतील वुर्झबर्ग येथें राँटगेन या शास्त्रज्ञानें आपली विजेची नळी काळ्या पुठ्ठ्यानें पूर्णपणें झांकली होती. तरीही जवळच्या एका रासायनिक लेपाच्या पडद्यावर उजेड चमकला. पुठ्ठ्यांतून आरपार जाणारे हे किरण कसले तें ठाऊक नसल्यामुळें त्यानें त्यांस बीजगणितांतील अज्ञाताचें नांव दिलें. तेंच आपलें ‘क्ष’. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यानें पत्नीच्या हाताचीं हाडें व बोटांतील अंगठी फोटोच्या कांचेवर उमटविली. पुढें सुमारें ९० वर्षें क्ष-किरणांचें चित्र म्हणजे फोटोच होता. आधीं कांचेवर, मग फिल्मवर. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. त्यावर क्ष-किरण पडले तरी तो काळा होण्यास सिद्ध होतो आणि साधा उजेड पडला तरी होतो. दोहोंतील भेद त्यास कळत नाहीं. म्हणून कारखान्यांतून निघाल्यापासून औषधांत धुवून होईपर्यंत फिल्म अंधारांत ठेवावी लागे. दवाखान्यांतील ती काळी खोली, दाराचा जाड पडदा आणि आंतील मंद तांबडा दिवा माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल.

ज्या नव्या वस्तूनें फिल्मची ही जागा घेतली तिच्या कल्पनेचें पेटंट १९७५ सालीं अमेरिकेंतील कोडॅक कंपनीच्या जॉर्ज लकी यांच्या नांवें निघालें, आणि १९८३ सालीं जपानच्या फुजी कंपनीनें तशी यंत्रें बाजारांत आणलीं. दवाखान्यांत तिला नुसतें ‘प्लेट’ म्हणतात. मी तिला पाटी म्हणणार आहें. कारण शाळेंतील पाटीप्रमाणें तिच्यावर लिहावयाचें, तें वाचावयाचें आणि पुसून ती पुन्हा वापरावयाची असते. नीट सांभाळली तर एकच पाटी हजारों वेळां उपयोगी पडते. (आतां याहूनही नवीं यंत्रें आलीं आहेत, त्यांत पाटी बाहेर काढण्याचें कारणच उरत नाहीं; पण तीं महाग आहेत, आणि लहान गांवांतील दवाखान्यांचें काम अजून पुष्कळ ठिकाणीं पाटीवरच चालतें.)

या पाटीवर बेरियम, फ्लोरिन, ब्रोमिन आणि कधीं आयोडिन यांच्या बारीक स्फटिकांचा पातळ थर असून त्यांत युरोपियम या धातूचा लेश असतो. स्फटिकांत कणांच्या रांगा असतात, पण मधूनमधून एखादी जागा रिकामी राहिलेली असते. आपल्या तापी-पांझरेच्या खडकाळ पात्रांत जसे लहान लहान खळगे असतात तसेच हे खळगे समजा. क्ष-किरण पाटीवर आदळले म्हणजे स्फटिकांतील इलेक्ट्रॉन उडतात, आणि त्यांपैकीं बरेचसे या खळग्यांत अडकून बसतात. जेथें किरण अधिक पोंचले तेथें खळगे अधिक भरले. जेथें हाडानें किरण अडविले तेथें ते जवळजवळ कोरडे राहिले. पाऊस कोठें किती पडला हें खळग्यांतील पाण्यावरून सांगतां यावें, तसें मनगटाचें चित्र या खळग्यांत सांठून राहतें. डोळ्यांना तें मुळींच दिसत नाहीं. पाटी पहिल्याइतकीच पांढरी व कोरी वाटते, आणि पुढल्या साऱ्या चुकांचें मूळ येथें आहे. जें दिसत नाहीं तें सांडलें तरी कळत नाहीं.

तें चित्र वाचण्याची रीति मोठी चमत्कारिक आहे. यंत्र पाटीवरून तांबड्या लेझर-किरणाचा एक ठिपका ओळीओळीनें फिरवितें. तांबड्या प्रकाशाचा धक्का लागला कीं अडकलेले इलेक्ट्रॉन खळग्यांतून सुटतात, आपल्या ठिकाणीं परत जातात, आणि जातांना निळसर जांभळा प्रकाश टाकतात. हा मंद प्रकाश मोजून संगणक बिंदुबिंदूनें चित्र जुळवितो. म्हणजे पाटी वाचणें हें एका अर्थीं ती पुसणेंच होय. फरक एवढाच कीं, पुसतांना निघणारा प्रकाश मोजण्यास तेथें कोणी बसलेला असतो. वाचून झाल्यावर उरलेंसुरलें घालविण्यासाठीं यंत्र तिच्यावर प्रखर दिवे पाडतें, आणि पाटी कोरी होऊन बाहेर येते.

आतां खिडकीच्या उजेडानें काय केलें हें सांगावयास नकोच. जें काम यंत्र करणार होतें तेंच त्या उजेडानें केलें. फक्त तेथें मोजणारा कोणी नव्हता.

येथें फिल्म आणि पाटी यांचे स्वभाव अगदीं उलट आहेत. उजेडानें फिल्मवर नको तें लिहिलें जातें. पाटीवरचें हवें तें पुसलें जातें. शिवाय फिल्मला जन्मभर सोवळें. पाटीला सोवळें फक्त किरण घेतल्यापासून वाचून होईपर्यंत, त्या चार-दहा मिनिटांपुरतें. कोरी पाटी उजेडांत राहिली म्हणून तिचें चित्र बिघडत नाहीं, कारण पुसण्यासारखें तिच्यांत कांहीं नसतें. ही सवलत सोयीची खरी, परंतु तिनेंच हात सैल होतो. सकाळपासून दहा वेळां जी पाटी उजेडांत हाताळली आणि कांहीं बिघडलें नाहीं, ती अकराव्या वेळीं भरलेली आहे हें ध्यानांत राहणें कठीण.

जुन्या काळ्या खोलींत तयार झालेल्या हातांना आणखी एक सवय मोडावी लागली. फिल्मचें काम मंद तांबड्या दिव्याखालीं निर्भयपणें चाले, कारण तांबड्या रंगाची तिला ओळखच नव्हती. पाटीला नेमका तोच रंग सर्वांत अधिक बाधतो. वाचणारा लेझर तांबडा आहे तो याच कारणानें. तेव्हां तांबडा दिवा लावून ‘आतां भय नाहीं’ असें समजणाऱ्यानें फिल्मच्या मित्रास पाटीच्या घरीं पाहुणा म्हणून बोलाविलें असें म्हटलें पाहिजे.

असो. आत्याबाईंच्या प्रश्नाचा खरा भाग पुढेंच आहे. खळग्यांतील अर्धें पाणी सुकलें तर चित्र फिकट दिसावें आणि चूक उघड व्हावी, असें आपणांस वाटेल. तसें होत नाहीं. यंत्राला जोडलेला संगणक फिकट चित्र स्वतःच उजळवून, काळेंपांढरें जुळवून पडद्यावर मांडतो. त्यामुळें चित्राची एकंदर छटा ठीक दिसते, फक्त त्यांत रेती पडल्यासारखी खरखर येते. ही खरखर, आणि किरण किती पोंचले हें सांगणारा यंत्राचा आंकडा, दोन्ही एकच साक्ष देतात: ‘किरण कमी पडले.’ ती साक्ष खोटी असते. किरण पुरेसे पडले होते, ते मागाहून सांडले. पण बिचारा तंत्रज्ञ साक्षीवर विश्वास ठेवतो आणि पुढल्या रोग्यास डोस वाढवून देतो. पाटी टेबलावर राहण्याची खोड तशीच राहिली तर वाढविलेला डोस हाच त्या दवाखान्याचा नेहमींचा डोस होऊन बसतो.

भीति घालण्याचा माझा हेतु नाहीं. मनगटाच्या फोटोंत मिळणारे किरण अत्यल्प असतात. छातीच्या फोटोंतही निसर्गाकडून थोड्या दिवसांत मिळतात तितकेच. आत्याबाईंचें त्या दुसऱ्या फोटोनें कांहीं बिघडलें नाहीं. परंतु तेंच लहान मुलाच्या कमरेचें चित्र असतें, किंवा दिवसाला साठ-सत्तर रोग्यांच्या बाबतींत तीच खोड असती, तर ‘अत्यल्प’ हा शब्द मला इतक्या सहज उच्चारतां आला नसता.

दुसरी एक फसवणूक याहून सूक्ष्म आहे. कॅसेटचा कोपरा फुटला किंवा कडी सैल झाली तर उजेड फटींतून एकाच बाजूनें आंत शिरतो. फिल्मवर अशा जागीं काळा डाग पडे व तो तत्काळ ओळखूं येई. पाटीवर त्या जागचें चित्र पुसलें जातें, आणि क्ष-किरणांच्या चित्रांत ‘किरण पोंचले नाहींत’ हें दाखविणारा रंग पांढरा. छातीच्या चित्रांत फुप्फुसावर पांढरी छाया दिसणें म्हणजे काय, हें क्षयाची माहिती असलेल्या कुटुंबांना सांगावयास नको. अनुभवी डॉक्टर डागाच्या आकारावरून बहुधा ओळखतात. तरीही शंका आली कीं दुसरा फोटो आलाच, आणि सातपुड्याच्या पायथ्याकडून, चोपडा-यावलच्या पाड्यांवरून एस. टी. नें आलेल्या माणसाला तेवढ्यासाठीं पुन्हा थांबावें लागतें. एकदां परत गेलेला पुन्हा येईलच असें नाहीं.

आपल्या खानदेशांत पाटीला उजेडाच्या जोडीला आणखी एक शत्रु आहे. बंद कॅसेटींत, पूर्ण अंधारांतही, खळगे हळूहळू रिते होत असतात. सुमारें आठ तासांत सांठ्याचा चौथा हिस्सा जातो असा साधारण हिशेब आहे. उष्णता वाढली कीं ही गळती वाढते. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो. गांवोगांव फिरणाऱ्या तपासणीच्या गाडींत दुपारीं काय होत असेल तें आपणच ताडावें. तेव्हां शिबिरांतील कॅसेटी संध्याकाळीं शहरांत नेऊन एकदम वाचूं, हा बेत बरा नव्हे. वीज जाण्याची संवय असलेल्या गांवीं तर पाटी कॅसेटींतून काढण्यापूर्वीं यंत्र चालू आहे ना, हें पाहणें एवढी एकच शिस्त पुरेशी आहे. वीज गेली तर पाटी कॅसेटींतच राहूं द्यावी. अंधारांतील तासाभराची गळती ही खिडकीजवळच्या मिनिटापुढें कांहींच नव्हे.

आणि कोऱ्या पाटीलाही फार दिवस विसरून चालत नाहीं. माती, भिंती आणि आकाश यांतून येणारे निसर्गाचे सौम्य किरण तिच्यांत थोडे थोडे सांठत राहतात. म्हणून दिवसभर पडून राहिलेली पाटी वापरण्यापूर्वीं एकदां पुसून घ्यावी, अंगण सकाळीं झाडतात तशी.

दंतवैद्यांकडे हीच पाटी पोस्टाच्या तिकिटापेक्षां थोडी मोठी असते. ती काळ्या पिशवींत घालून तोंडांत ठेवतात. दांतानें पिशवी फाटली तर लाळ आणि उजेड दोन्ही आंत जातात. म्हणून दंतवैद्यांनीं ‘हलकेंच चावा’ म्हटलें तर त्यांचा शब्द मानावा.

शेवटीं घरांतील एक गोष्ट. आपल्या हातीं जी काळी फिल्म देतात ती ही पाटी नव्हे. ती संगणकांतील चित्राची छापील प्रत असते. उजेडानें तिचें सहसा कांहीं बिघडत नाहीं, पण पुष्कळ ठिकाणीं ही प्रत उष्णतेच्या साह्यानें छापलेली असते आणि पुढेंही ऊन लागलें कीं काळवंडते. उन्हांत उभ्या मोटारीच्या कांचेखालीं ती ठेवूं नये. आत्याबाईंनीं आपली फिल्म पत्र्याच्या पेटींत घालून माळ्यावर, कौलांच्या खालीं ठेवली होती. मीं ती काढून खालच्या खोलींत, धान्याच्या कोठीमागें ठेवली आहे. मनगट आतां बरें आहे. भाकरी थापतांना तेवढें अजून दुखतें असें त्या म्हणतात.