वीस टक्क्यांवरचा मालकंस

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. विलंबित मालकंस सुरू आहे, बुवा अजून मंद्रातल्या धैवतापाशीच रेंगाळताहेत, आणि पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा आकडा वीसवर आलाय. द्रुत येईपर्यंत पुरेल का? महागडा म्युझिक प्लेअर बाळगणाऱ्याचा हा रोजचा हिशेब. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांना त्याचं हसू येतं. आमच्या यंत्रावर फोन येत नाही, पैसे पाठवता येत नाहीत, फोटो निघत नाहीत. ते फक्त गाणं वाजवतं, आणि एवढ्या एका कामासाठी पुष्कळदा चांगल्या फोनहून जास्त पैसे घेतं.

किती जास्त, ते ऐकून घरचे लोक गप्प होतात. सोनी कंपनीने २०१६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात 'एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड' नावाचा वॉकमन मांडला. त्याचा सांगाडा शुद्ध तांब्याचा, वर सोन्याचा मुलामा. वजन ४५५ ग्रॅम. अमेरिकेतली किंमत साधारण ३,२०० डॉलर. सदऱ्याच्या खिशात टाकला तर सदरा एका खांद्यावरून उतरतो. तांब्यातून वीज सुखाने वाहते, त्यामुळे आतल्या मंडलाला भक्कम पाया मिळतो, असं कंपनीचं म्हणणं. मुलाम्याने गाणं गोड होतं का, या वादात मी पडत नाही. दागिना अंगावर घातला की चालण्यात फरक पडतोच, तेवढा ऐकण्यातही पडत असेल.

मला गंमत वाटते ती वेगळीच. या सोन्याच्या डबीत तांबं आहे, निवडून घेतलेले कपॅसिटर आहेत, सुबक बटणं आहेत. नीट सांभाळलं तर हे सगळं नातवाला देता येईल. पण त्या सगळ्याचा जीव आहे पापडाच्या पाकिटाएवढ्या एका चपट्या लिथियमच्या सेलमध्ये. आतल्या सामानात बहुधा सगळ्यात स्वस्त तोच, आणि म्हातारा होणाराही पहिला तोच.

पहिल्या वॉकमनला ही चिंता नव्हती. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये तो विक्रीला आला, 'टीपीएस-एल२', किंमत ३३,००० येन. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, मासारु इबुका, यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायचं होतं, आणि त्या हट्टातून हे यंत्र निघालं. त्यात दोन पेन्सिल सेल बसत. संपले की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दुसरे आणायचे. आपल्याकडे वॉकमन पुष्कळदा आखातातून सुट्टीवर आलेल्या कुणा काकाच्या बॅगेतून यायचा, आणि सेल वाचवण्याचं शास्त्र मग घरोघरी तयार व्हायचं. कॅसेट मागे न्यायला मोटर वापरायची नाही, पेन्सिल खुपसून हाताने गरगर फिरवायची. गाणं रडायला लागलं की सेल काढून खिडकीत उन्हाला ठेवायचे. कुणी ते दाताखाली दाबायचे. उन्हाने सेल थोडा वेळ खरंच उठून बसायचा. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जरा जोर धरते. गंमत अशी, की आजच्या सेलला हेच ऊन विष आहे.

आजचा सेल म्हणजे लिथियम-आयन. तो पहिल्यांदा बाजारात आणला तोही सोनीनेच, १९९१ मध्ये. त्याच्या मागे जपानच्या आसाही कासेई कंपनीतले अकिरा योशिनो यांचं काम होतं. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल योशिनो, गुडइनफ आणि व्हिटिंगहॅम या तिघांत वाटलं गेलं. सोनीने मात्र तोवर, २०१७ मध्येच, आपला बॅटरीचा धंदा मुराता कंपनीला विकून टाकला होता.

या सेलचं काम तसं सोपं आहे. एका बाजूला कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडचा थर, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटचा. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांत जाऊन बसतात, गाणं वाजताना परत येतात. या ये-जा करण्यात दरवेळी थोडेसे आयन वाटेतच अडकतात. ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरत जाते, आणि तिच्यात गुंतलेलं लिथियम परत येत नाही. सेल ४.२ व्होल्टपर्यंत ठासून भरला आणि वर तापवला, की ही साय भराभर जाड होते. पूर्ण कोरडा पडू दिला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो. म्हणजे याला उपासही सोसत नाही आणि टम्म जेवणही. 'पूर्ण उतरव, मग पूर्ण भर' हा सल्ला आजही कुणीतरी आवर्जून देतो. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. त्या सेलना अर्धवट जेवणाची सवय लागायची, लिथियमला लागत नाही.

आता खर्च कुठे होतो ते बघा. चार हजार एमएएचची बॅटरी ३.७ व्होल्टने गुणली की साधारण १५ वॉट-तास होतात. प्लेअर दहा तास चालला तर तो सरासरी दीड वॉट खातो. कानात घालायच्या चांगल्या इअरफोनला मात्र बैठकीत ऐकू येईल इतक्या आवाजासाठी एक मिलीवॉटही पुष्कळ झाला. हजार-दीड हजार भागांतला एखादा भाग कानापर्यंत पोचतो. नवरदेवाच्या पानात पडतो तो एक लाडू. बाकीचा सगळा मांडवखर्च. तो खर्च करतात आकड्यांचा आवाज करणारी चिप, तिच्या पुढचा अॅम्प, पडदा, वायफाय आणि पाठीमागे गुपचूप चालणारं अँड्रॉइड. जाड, ४.४ मिलिमीटरच्या जॅकला इअरफोन लावला की दोन्ही कानांचे अॅम्प दुहेरी होतात, आकडा आणखी लवकर घसरतो. ध्वनिमुद्रण डीएसडी प्रकारचं असेल तर एका मिनिटाला सुमारे ४२ एमबी माहिती उपसावी लागते. जुन्या एमपी३ ला एका एमबीत मिनिट निघायचं.

म्हणूनच हे यंत्र बनवणाऱ्यांचे दोन पंथ झालेत. एक उधळ्या. चीनच्या 'फिओ' कंपनीचा 'एम१७' घ्या: ६१० ग्रॅमची वीट, ९,२०० एमएएचची बॅटरी, आणि एवढं असून गाणं साधारण दहा तास. तापतो म्हणून त्याला पंखा असलेला पाट मिळतो. खिशातल्या यंत्राला पंखा! दुसरा पंथ सोनीचा, काटकसरी. त्यांचा 'एस-मास्टर' हा डिजिटल अॅम्प आतले स्विच क्षणाक्षणाला पूर्ण उघडतो किंवा पूर्ण बंद करतो, अधेमधे रेंगाळत नाही, त्यामुळे उष्णतेत वीज कमी जाते. जुन्या उमद्या 'क्लास ए' अॅम्पमध्ये गाणं असो वा शांतता, वीज वाहतच राहते. पाणी जाईल म्हणून नळ सोडून ठेवणारं घरच ते. आपल्याकडे सत्तर हजारांच्या आसपास मिळणारा सोनीचा 'झेडएक्स७०७' कंपनीच्या हिशेबाने २५ तास चालतो, 'ए३०६' हा धाकटा ३६ तास. कानाला उधळ्यांचं गाणं कधीकधी जास्त भरदार लागतं, हे मान्य करतो. पण सकाळच्या इंटरसिटीत मुंबई गाठायची असेल तर मी काटकसरीच्या पंथाचा.

या बाबतीत सगळ्यात चतुर युक्ती लढवली होती ती आयपॉडने. २३ ऑक्टोबर २००१ ला आला तेव्हा त्याच्यात ५ जीबीची फिरती तबकडी होती आणि दहा तासांची बॅटरी. तबकडी सतत फिरवली असती तर दहा तास निघाले नसते. म्हणून तो ३२ एमबीच्या मेमरीत पुढची गाणी एका दमात ओढून घ्यायचा आणि तबकडी झोपवायचा. फाइली ९ एमबीपेक्षा लहान ठेवा, बॅटरी जास्त पुरेल, असं अॅपल सांगायचं. तीन-चार मिनिटांच्या गाण्यांच्या मापाने शिवलेलं हे गणित. पंचवीस मिनिटांचा ख्याल साध्या १२८ केबीपीएसच्या एमपी३ तही २४ एमबी भरतो. आमच्या भीमपलासाला तबकडी पुन्हा पुन्हा दचकून उठायची. हातात धरलं की तिची बारीक थरथर कळायची.

आणि आयपॉडनेच खिशातल्या प्लेअरचं झाकण कायमचं बंद करण्याची रीत पाडली. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या केसी आणि व्हॅन नाइस्टॅट या भावांनी त्यावर एक छोटी फिल्म काढली. दीड वर्षात बॅटरी बसते आणि बदलता येत नाही, ही त्यांची तक्रार, आणि ती त्यांनी शहरभर आयपॉडच्या जाहिरातींवरच रंगवली. पुढे अमेरिकेत सामूहिक दावा झाला आणि २००५ च्या तडजोडीत ग्राहकांच्या पदरात ५० डॉलरचं व्हाउचर पडलं. युरोपीय संघाचा नियम आता १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतोय: अशा यंत्रांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. पेन्सिल सेलच्या दारापर्यंत परत यायला बराच काळ गेला म्हणायचा.

तोवर आपणच सांभाळायचं. मी ऐंशीच्या आसपास वायर काढतो. सोनीच्या वॉकमनमध्ये 'बॅटरी केअर' नावाची खूण केली की तो आपणहून नव्वदच्या आसपास थांबतो; ती खूण पहिल्याच दिवशी करावी आणि विसरून जावी. एप्रिलमध्ये पार्क केलेल्या गाडीत प्लेअर ठेवू नये. लांब सुट्टीला जाताना तो अर्ध्यावर भरून, पूर्ण बंद करून कपाटात ठेवावा. चार्जिंग लावून ऐकू नये. सेल तापतो तो तापतोच, शिवाय दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या अंगाला हात लावला की बारीक मुंग्या येतात.

एवढं कळत असूनही माझा पहिला प्लेअर मी घालवला. कंपनीचं नाव घेत नाही. नवीन आला म्हणून जुना पूर्ण भरून पुस्तकांच्या मागे ठेवला आणि दोन पावसाळे विसरलो. बाहेर काढला तर टेबलावर सपाट बसेना, बोट लावलं की भोवऱ्यासारखा फिरायचा. पाठ फुगली होती. कंपनीने कळवलं, मॉडेल जुनं झालं, सुटा भाग मिळणार नाही. बाहेरून मागवायचा तर तेही अवघड. सुट्या लिथियम बॅटऱ्या २०१६ पासून प्रवासी विमानाच्या मालात नेता येत नाहीत.

मग पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. एका जिन्याखालच्या दुकानातल्या मुलाने यंत्र हातात घेऊन नुसतं तिरपं केलं.

"काका, फुल चार्ज ठेवलावता ना?"

मी मान हलवली. त्याने ब्लोअरने कडा गरम केल्या, प्लास्टिकची पात घालून झाकण उचललं. सेल उशीसारखा. त्यावर छापलेलं ५०५०७०. "पाच मिलिमीटर जाडी, पन्नास रुंदी, सत्तर लांबी," तो म्हणाला, आणि व्हर्नियर लावला: साडेआठ. आतला द्रव कुजून गॅस झाला होता. धातूची पकड न लावता त्याने चिकटपट्टी हळूहळू सोडवली आणि सेल वाळू भरलेल्या डालडाच्या डब्यात ठेवला.

त्याच मापाचा नवा सेल त्याच्या खणात निघाला, पण त्याला लाल आणि काळी अशा दोनच वायर. जुन्याला तीन.

"तिसरी टेंपरेचरची. ती नसली तर हा चार्जच घ्यायचा नाही. जुना बोर्ड नव्या सेलवर टाकतो. चहा घेऊन या."

चहा घेऊन आलो तेव्हा डाग देऊन झाले होते. पडदा उजळला, ३४ टक्के. दोन पावसाळ्यांपूर्वी जिथे थांबलो होतो तेच गाणं पुढे उभं. झाकण चिकटवायच्या आधी त्याने काळा मार्कर घेतला आणि सेलच्या अंगावर त्या दिवसाची तारीख टाकली.

"पुढं जो कोण उघडेल, त्याला कळायला नको?"