संकेतस्थळ संगणकावर ॲप म्हणून कसे बसवावे?

फवारणीच्या दिवशी पावसाचा अंदाज पाहावयाचा आणि नेमका संकेतस्थळाचा पत्ता आठवू नये, असा प्रसंग अनेक शेतकरी बंधूंवर येतो. दरवेळी पत्ता शोधताना एखादे बनावट पान समोर येण्याचाही धोका असतो. यावर सोपा उपाय म्हणजे ते संकेतस्थळ संगणकावर ॲप म्हणून बसविणे होय.

प्रथम क्रोम ब्राउझरमध्ये भारतीय हवामान विभागाचे संकेतस्थळ उघडावे. मुख्य पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ असा असल्याची खात्री करावी. नंतर उजव्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून ‘कास्ट, सेव्ह अँड शेअर’ या ओळीतील ‘इन्स्टॉल पेज ॲज ॲप’ निवडावे व संमती द्यावी. एज ब्राउझरमध्ये हीच सोय ‘ॲप्स’ या सदरात आहे. यापुढे चिन्हावर टिचकी मारताच संकेतस्थळ स्वतंत्र खिडकीत उघडेल.

तथापि, बसविल्याने कोणतेही संकेतस्थळ विश्वसनीय ठरत नाही. ताज्या माहितीसाठी इंटरनेटही लागतेच. संगणक सामायिक असल्यास त्यावर बँकेचे संकेतस्थळ बसवू नये. ॲप काढून टाकताना साठलेली माहिती पुसण्याची खूणही अवश्य करावी. पेरणीपूर्वी बियाणे पारखावे, तसाच बसविण्यापूर्वी पत्ता पारखावा.