पितळेतली झिंझोटी

लग्नसराईत खारघरच्या जुन्या गावठाणांत, ओव्याला किंवा बेलपाड्याला, हळदीच्या रात्री ब्रास बँड उभा राहतो. शेजारच्या टॉवरमधली माणसं खिडक्या लावून घेतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कॉर्नेटवाल्याच्या बोटांकडे एकदा जवळून पाहावं. तीनच पिस्टन, तीनच बोटं, आणि त्यातून अख्खं आगरी गाणं निघतं.

हे पूर्वी होत नव्हतं. बिगुल आठवा. त्याची नळी ठरलेल्या लांबीची, म्हणून ओठ आवळून-सैल करून नेहमी वाजवता येतात ते पाचच स्वर: सा, प, वरचा सा, मग ग आणि प. पलटणीला उठवायला, जेवायला बोलवायला तेवढे पुरतात; गाण्याला पुरत नाहीत. १८१८ साली श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. पिस्टन दाबला की हवेला नळीचा एक जादा वळसा घ्यावा लागतो, नळी तेवढी लांबते आणि स्वर उतरतो. मधल्या पिस्टनने अर्धा स्वर, पहिल्याने एक, तिसऱ्याने दीड. या तिघांच्या जोडण्यांतून मधल्या रिकाम्या जागा भरल्या.

पण नवं यंत्र आलं म्हणून बँड सुधारत नाही. विल्हेल्म वीप्रेख्त हा बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदातला वादक, शिपाई नव्हे. त्याने व्हॉल्व्हची वाद्यं घोडदळाच्या बँडमध्ये आणली, खर्जाची बाजू लंगडी आहे हे ओळखलं आणि १८३५ मध्ये मोरित्झ या कारागिराबरोबर ट्यूबा घडवला. पुढे पॅरिसमध्ये अडॉल्फ सॅक्सनेही फ्रेंच लष्करी बँडची अशीच फेरमांडणी केली. दोघांनीही बाहेरून येऊन बँडचा कान बदलला.

आपल्याकडे बँडवर चाल कशी बसवायची हा प्रश्न वेगळ्याच वाटेने, राष्ट्रगीताच्या निमित्ताने आला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीताची सुरावट मागितली गेली. त्यांच्याजवळ ‘जन गण मन’ची तबकडी होती; तीवरून तिथल्या वाद्यवृंदाने ते वाजवलं आणि ते सर्वांना आवडलं. २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीत पंडित नेहरूंनी ही हकिकत सांगितली. ‘वंदे मातरम्’ची चाल बँडवर, वाद्यवृंदावर सहजी बसत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

मुद्दा पोकळ नव्हता. आपली चाल एका गळ्यासाठी असते. तिच्यात मींड असते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पितळी वाद्य पायरी-पायरीने चढतं. आळवलेलं पद पावलांच्या ठेक्यात मावत नाही. शिवाय बँडमध्ये ट्यूबा, युफोनियम, क्लॅरिनेट प्रत्येकाला आपापलं काम लागतं, आणि ते कागदावर लिहून द्यावं लागतं.

या आक्षेपाला भाषणाने नव्हे, बँडनेच उत्तर दिलं मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी. आळंदीत १८९८ साली जन्मलेले, भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीतले गायकनट, ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘माणूस’, ‘शेजारी’चे संगीतकार. त्यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटीत बांधलं होतं. कोमल निषाद सोडला तर सगळे शुद्ध स्वर; सरळ, उघडा, घोळक्याने म्हणता येईल असा राग. ते मुंबई पोलीस बँडचे प्रमुख सी. आर. गॉर्डन यांच्याकडे गेले, त्यांच्या मदतीने बँडचं स्वरलेखन करून घेतलं आणि पोलीस बँडवर चाल वाजवून दाखवली. दिल्लीत घटना समितीच्या सभासदांपुढे प्रात्यक्षिकंही दिली.

घराण्याची तालीम घेतलेला गवई बँडमास्तराशेजारी बसून कुठली मुरकी ठेवायची, कुठली सोडायची हे ठरवतो, हे मला फार मोठं वाटतं. त्यात कमीपणा मानणारे तेव्हाही असतील. पण कृष्णराव उत्तम हार्मोनियम वाजवत. मींड नसलेल्या पट्ट्यांतून राग उभा करायची सवय त्यांच्या बोटांना होतीच, आणि सिनेमाने मोजक्या मिनिटांत चाल पुरी करायला शिकवलं होतं. बँडकडे ते उपऱ्यासारखे गेले नाहीत, असं मला वाटतं.

२४ जानेवारी १९५० रोजी निर्णय झाला: ‘जन गण मन’ राष्ट्रगीत, ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान. बँडवर राग चालतो हे मात्र तोवर कृष्णरावांनी कानांना पटवून दिलं होतं.

परवा बेलपाड्याला पुन्हा थांबलो. कोळीगीताची ओळ संपताना कॉर्नेटवाल्याने पिस्टन पुरता दाबलाच नाही, अर्ध्यावर धरला, ओठ जरा सैल केले, आणि स्वर घरंगळत खाली आला. मी विचारलं, “हे कुणी शिकवलं?” तो म्हणाला, “गाण्यात हाय ना तसं, मग वाजवाय नको?”