रवा की कापूस?

वळवाची सर पडून धूळ बसली होती. मुखेडला घराच्या गच्चीवर सहा इंची दुर्बीण लावली, डोळा टेकवला आणि भाच्याला म्हणालो, "कापसाचा बोळा दिसतोय." त्याने पाहिले. "मामा, कापूस कुठला? रवा सांडलाय नुसता!"

आम्ही पाहत होतो तो ओमेगा सेंटॉरी, नरतुरंग तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ. अंतर सुमारे १७ हजार प्रकाशवर्षे, तारे एक कोटीच्या घरात. चैत्र अमावास्येच्या आसपास रात्री अकरा-साडेअकराला चित्रा ताऱ्याच्या सरळ खाली, दक्षिण क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर तो येतो. लंडनहून तो कधीच दिसत नाही. एडमंड हॅलीने १६७७ मध्ये त्याची नोंद केली, ती सेंट हेलेना बेटावर जाऊन. आपल्याला गच्ची पुरते.

वाद फोटोने मिटवायचे ठरले. डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात जे येईल ते मेंदूकडे पाठवतो आणि पाटी कोरी. कॅमेरा साठवतो. मात्र पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बिणीला ताऱ्यांमागे नेणारी मोटर हवी. एकच लांब फोटो घेतला तर गुच्छाचा मधला भाग जळून पांढराफटक होतो. म्हणून आम्ही दहा-दहा सेकंदांचे शंभर फोटो घेतले आणि संगणकावर एकावर एक रचले. तारे प्रत्येक फोटोत जागच्या जागी असतात, खरखर जागा बदलते. सरासरीत ती विरते. ट्रेडमिलवरच्या ईसीजीतही मशीन अनेक ठोक्यांची सरासरी काढून हालचालीची थरथर अशीच पुसते.

फोटोत गाभ्यापर्यंत दाणा न् दाणा सुटा होता. भाचा बरोबर होता.

मग माझे काय? दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्याने बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासले: उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. भिंग गढूळ होऊ लागले की प्रकाशाचा ठिपका पसरतो, आणि शेजारशेजारचे ठिपके एकमेकांत मिसळून कापूस होतो. दिवसा मी तक्ता नीट वाचत होतो, त्यामुळे शंका आली नाही. रात्री देगलूर रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवे फाकायचे, तेव्हा दोन वर्षे मी चष्म्याच्या काचा पुसत राहिलो. रुग्णांना मात्र चाळिशीनंतर डोळे तपासून घ्या म्हणून रोज सांगतो!

ऑपरेशनची घाई नाही, असे सहकारी म्हणाले. तोवर दुर्बिणीचा फोकस भाचाच लावतो.